पाळीच्या त्रासासाठी गर्भनिरोधक गोळी : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत दर दोन तासांनी पॅड बदलावे लागत असल्यामुळे सांगलीहून तासगावच्या शाळेपर्यंतचा एसटीचा प्रवासही मला धास्तीचा वाटत असे. वर्गात शिकवताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तेव्हा रक्त तपासले. किमान १२ असायला हवे ते हिमोग्लोबिन ८.४ निघाले. मिरजेच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सोनोग्राफी आणि थायरॉईडची तपासणी करून, गाठ नसल्याची खात्री झाल्यावर, लोहाच्या गोळ्यांबरोबर गर्भनिरोधक गोळी सुरू केली. तिच्यात इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम ही दोन संप्रेरके (हार्मोन्स) असतात. सरकारी दवाखान्यातल्या माला-एन या गर्भनिरोधक गोळीतही हेच प्रमाण आहे.

त्याआधी त्यांनी रक्तदाब मोजला, अर्धशिशी उठण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा दिसतात का, घरात कुणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारले. धूम्रपानाबरोबर मशेरीचीही चौकशी केली.

घरी मात्र आईचा जीव खालीवर होत होता. "अगं, लग्न व्हायचंय तुझं, आणि महिन्याचं रक्त आत साठून राहिलं तर?" हा तिचा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. पुढच्या तपासणीला मी तिलाच बरोबर नेले. या संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे अस्तर मुळात पातळच राहते, त्यामुळे साठायला काही नसते आणि कळा आणणारी रसायनेही कमी तयार होतात, तसेच गोळी थांबवल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर ती निवळली.

मी सलग तीन पाकिटांच्या संप्रेरकांच्या गोळ्या घेऊन मग सात दिवस थांबते, म्हणजे वर्षातून साधारण पाच वेळाच रक्तस्राव होतो. पहिले तीन महिने कसोटीचे होते : अधूनमधून डाग पडत, मळमळे, स्तन दुखत, आणि गोळी सोडून द्यावी असे दोनदा मनात आले. रात्री जेवणानंतर ठरलेल्या वेळी घेऊ लागल्यावर मळमळ थांबली. चौथ्या महिन्यापासून डागही. आता हिमोग्लोबिन १२.१ आहे आणि गोळी थांबवलेल्या आठवड्यात कंबर दुखली तरी गरम पाण्याची पिशवी पुरते. एका पोटरीला सूज, छातीत दुखणे, धाप किंवा अचानक तीव्र डोकेदुखी जाणवल्यास लगेच दवाखाना गाठायचा, ही ताकीद कपाटाच्या दारावर चिकटवली आहे.

वारीसाठी पाळी पुढे ढकलायला घेतात ती गोळी सहसा नोरेथिस्टेरॉन या वेगळ्या संप्रेरकाची, थोड्या दिवसांची असते. तिला आणि हिला एकच समजू नये.

गेल्या महिन्यात गावाकडच्या मावशीने माझ्याकडे एक पाकीट मागितले. तिचे वय ४६, रक्तदाब वाढलेला आणि मशेरीची सवय. शिवाय या वयात अंगावरून जास्त जात असेल तर आधी त्याचे कारण शोधावे लागते. मी पाकीट दिले नाही. शनिवारी तिला मिरजेला घेऊन जाणार आहे.