महारेरा एजंट प्रशिक्षण आणि परीक्षा: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं ऑफिस लालबागला आहे. मामांनी १९८९ साली चाळीच्या जिन्याखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून खोल्यांची दलाली सुरू केली. त्यांच्या हाताखाली मी गेली नऊ वर्षं काम करते. पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यानं घेतलेल्या) खोल्या, भाड्याचे फ्लॅट, जुन्या सोसायट्यांमधलं रिसेल ही आमची रोजची कामं. अलीकडे कांजूरमार्ग, मुलुंड, कांदिवलीच्या नव्या प्रोजेक्टमध्येही आम्ही पार्टी, म्हणजे ग्राहक, नेतो, कारण इथली चाळीतली पोरं आता तिकडेच घरं बघतात.

१० जानेवारी २०२३ च्या आदेशानं महारेरानं, म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डर आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आधीपासून नोंदणी असलेल्यांना मुदत वाढत वाढत १ जानेवारी २०२४ पर्यंत मिळाली. आम्ही दोघांनीही ती हातची घालवली. मामा म्हणत होते, पुन्हा वाढेल. ती वाढली नाही, आणि राज्यातल्या सुमारे २०,००० एजंटांच्या नोंदण्या स्थगित झाल्या त्यात आमच्याही होत्या. त्या दिवशी मामांनी मला विचारलं, "माझं नाव बोर्डावरून उतरवायचं का गो आता?" पस्तीस वर्षांच्या धंद्यानंतर माणसाला असं विचारावं लागतं याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी दोघांचे प्रशिक्षणाचे पैसे भरले.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की परीक्षा कशी पास व्हायची यावर भरपूर सांगणारे आहेत, पण ते प्रमाणपत्र घेऊन वर्षभर धंदा केल्यावर हातात काय उरतं हे कुणी सांगत नाही.

प्रशिक्षण वीस तासांचं होतं. आमचे वर्ग शनिवार-रविवारी भरायचे. शिकवणारे जाणकार होते, पण वेग फार. सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा नियम त्यांनी पाच मिनिटांत उरकला. ग्राहकाकडून आलेले पैसे त्याच प्रोजेक्टच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च व्हावेत, दुसरीकडे वळू नयेत, म्हणून हा नियम आहे. ग्राहक आम्हाला हमखास विचारतो तो प्रश्न हाच असतो: "ताई, हे पैसे घेऊन पळाले तर?" इथे अर्धा तास द्यायला हवा होता. उलट वेबसाइटवर नोंदणीचा अर्ज कसा भरायचा यावर भरपूर वेळ गेला, आणि ती वेबसाइटच २०२४ मध्ये बदलून नवी 'महाक्रिटी' आली.

परीक्षा आयबीपीएस घेते, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था. संगणकावर पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात. महारेराच्या साइटवरचं एजंटांसाठीचं हँडबुक नीट दोनदा वाचलं तर कठीण नाही. मामांना भीती संगणकाची होती, कायद्याची नव्हती. मी त्यांना घरी लेकाच्या कॉम्प्युटरवर माउस धरायला बसवलं. आठवडाभर रोज संध्याकाळी अर्धा तास. त्यांच्यासाठी खरी अडचण शब्दांची निघाली. धंद्यात आपण म्हणतो बिल्डर, पुस्तकात असतो प्रवर्तक. आपली ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) तिथे भोगवटा प्रमाणपत्र, कारपेट (घराच्या आतली वापरायची जागा) तिथे चटई क्षेत्र. ज्या माणसानं शेकडो ओसी हातात धरून बघितल्या तो 'भोगवटा प्रमाणपत्र' वाचून अडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका वहीत डाव्या बाजूला धंद्याचा शब्द आणि उजवीकडे कायद्याचा, अशी यादी केली. ज्येष्ठ दलालांना परीक्षेला बसवणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: आधी ही वही करा. आम्ही दोघं पहिल्याच फेरीत पास झालो.

आता चौदा महिन्यांचा हिशोब.

सर्वांत जास्त उपयोगी पडलं रेरा कायद्याचं कलम १३. लेखी करार करून त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे मी आधी ऐकलं नव्हतं असं नाही, पण माझ्या डोक्यात वीस टक्के बसलं होतं, आणि का ते अभ्यास करताना कळलं. १९६३ च्या मोफात, म्हणजे फ्लॅट विक्रीच्या जुन्या कायद्यात, मर्यादा वीस टक्क्यांची होती. मामांच्या पिढीनं तोच आकडा आम्हाला दिला आणि आम्ही तो पुढे वापरत राहिलो.

परीक्षेनंतर तिसऱ्या महिन्यात परळचं एक जोडपं माझ्यामार्फत एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये गेलं. तिथल्या सोर्सिंगवाल्या (बिल्डरसाठी ग्राहक आणणाऱ्या) मुलानं सांगितलं, आज वीस टक्के भरा, आजचा रेट लॉक होईल, ॲग्रीमेंट तीन महिन्यांनी. आधीची मी असते तर 'रेट वाढतोय, घेऊन टाका' म्हणाले असते. त्या दिवशी मी सरळ म्हटलं, दहाच भरू, उरलेले रजिस्ट्रेशनच्या दिवशी. तो म्हणाला, मॅडम, सगळे भरतात. मी कलम सांगितलं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, मग हा रेट मिळणार नाही. जोडप्यानं तिथे घर घेतलं नाही. माझं ब्रोकरेज गेलं आणि त्या साइटवरून मला पुन्हा फोन आला नाही. साडेतीन महिन्यांची माझी कमाई त्या एका व्यवहारात होती, हे स्पष्ट सांगते. तरीही तेव्हा मी जे बोलले ते परत बोलेन. त्या नवरा-बायकोचे वीस टक्के म्हणजे गावची जमीन विकून आलेला पैसा होता.

माझ्या मते या प्रशिक्षणाचा खरा फायदा हा आहे. पूर्वी मी ग्राहकाला 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणायची. आता मोबाइल उघडून 'पी'नं सुरू होणारा प्रोजेक्टचा नंबर टाकते आणि म्हणते, हे बघा, ताबा द्यायची तारीख ही, मंजूर मजले इतके, किती फ्लॅट विकले गेले ते इथे. माझा स्वतःचा 'ए'नं सुरू होणारा नंबरही त्यांना तपासायला लावते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्यामुळे सत्तरीच्या आजोबांनाही मी कोड स्कॅन करून दाखवू शकते. ज्या जाहिरातीवर तो कोड नसेल ती मी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवत नाही. नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टमध्ये एजंटनं विक्री करून दिली तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, आणि तो फ्लॅटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. हा आकडा मी ऑफिसातल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितला.

दुसरी कामाला आलेली गोष्ट कारपेटची व्याख्या. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःच्या वापराची बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. एका पार्टीला ४४८ फूट 'यूझेबल' म्हणून फुटाला २४,००० चा भाव सांगितला होता. बाल्कनीचे ३८ फूट बाजूला काढले तर रेरा कारपेट ४१० निघालं, आणि त्याच किमतीत खरा भाव २६,२०० च्या वर गेला. बाजूच्या प्रोजेक्टचा भाव २५,५०० सांगितला होता म्हणून त्यांना तो महाग वाटत होता, आणि तो आकडा कारपेटवरचा होता. फुटाला फूट लावल्यावर दुसरं घर स्वस्त निघालं. हा हिशोब मी प्रत्येक पार्टीला कागदावर करून देते. मेजरिंग टेप पर्समध्ये असतो.

आता त्रुटी, आणि त्या थोड्या नाहीत.

लालबाग-परळमध्ये धंदा करणाऱ्याला पागडी कळल्याशिवाय एक दिवस चालत नाही. भाडेपावती कुणाच्या नावावर, मालकाचा हिस्सा किती, इमारत सेसची (दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणारी जुनी) आहे की नाही, पुनर्विकासात भाडेकरूला काय मिळणार, हे सगळं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आणि म्हाडाच्या नियमांत आहे, आमच्या प्रशिक्षणात त्याचा उल्लेखही झाला नाही. रेरा नव्या प्रोजेक्टसाठी आहे, मान्य. पण परीक्षा एजंटची आहे, आणि मुंबईतला एजंट सकाळी पागडीची खोली दाखवतो, दुपारी लिव्ह अँड लायसन्स करतो, संध्याकाळी साइटवर जातो. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची, आणि तो नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. हे माहीत नसल्यानं किती घरमालक आजही नोटरीवर भागवतात! मामांनीच मला हे कलम वर्षांपूर्वी पाठ करायला लावलं होतं. वर्गात त्यांनी पागडीबद्दल विचारलं तेव्हा 'तो आपला विषय नाही' असं उत्तर आलं. मामा गप्प बसले. वर्गातल्या निम्म्या लोकांपेक्षा त्या एका विषयात त्यांना जास्त येत होतं, आणि ते सांगायला जागाच नव्हती.

सोसायटीच्या पुनर्विकासाचंही तेच. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-ए खाली सभासदांच्या संमतीची अट ५१ टक्क्यांवर आली, ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाला जाणून घ्यायची असते.

दुसरी मोठी उणीव: परीक्षा एकदा द्यायची आणि कायदा मात्र बदलत राहतो. आम्ही पास झाल्यानंतर काही महिन्यांतच २३ जुलै २०२४ ला भांडवली नफ्याचा कर बदलला. त्या तारखेआधी घेतलेलं घर विकणाऱ्याला १२.५ टक्के विनाइंडेक्सेशन की २० टक्के इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून), असा पर्याय मिळतो. मुलुंडचे एक काका १९९८ चा फ्लॅट विकायला आले तेव्हा मला हे अर्धवटच माहीत होतं. मी त्यांना सीएकडे पाठवलं आणि बरोबर स्वतःही जाऊन बसले, शिकायला. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर व्हायची कामं ५०० वर गेली. त्याआधी २०२३ मध्ये महिलेच्या नावावरच्या घराला मिळणाऱ्या एक टक्का मुद्रांक सवलतीतली 'पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही' ही अट निघाली. मुंबईत सहा टक्के भरावे लागतात तिथे पाच. एक कोटी सात लाखांच्या घरावर हा लाखाहून जास्त फरक आहे, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तरच. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. हे मी पार्टीला पहिल्याच भेटीत सांगते. दोन घरं अशी झाली की त्यात बाईचं आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या मालमत्तेवर नाव लागलं. इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) हातात घेऊन त्यातली एक जण बराच वेळ नुसतं नाव बघत बसली होती.

म्हणून मी एक बदलांची वही ठेवते. तारीख, काय बदललं, कुणाला लागू, आणि पूर्वी काय होतं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण ग्राहक जुनाच नियम ऐकून आलेला असतो. महारेरानं वर्षातून एकदा दोन तासांचा उजळणी वर्ग ठेवला तर मी पैसे भरून बसेन.

खर्चाचं थोडक्यात. एकट्या व्यक्तीची नोंदणी फी १०,००० रुपये, पाच वर्षांसाठी. प्रशिक्षण आणि परीक्षेचे पैसे वेगळे. आम्हा दोघांचं ते सगळं पहिल्या सहा महिन्यांत भरून निघालं. कुणी नुसतीच भाड्याची कामं करत असेल तर त्यानं घाई करू नये, कारण रेराचं कलम ९ नोंदणीकृत प्रोजेक्टमधल्या खरेदी-विक्रीबद्दल बोलतं. पण नवीन साइटवर एकही पार्टी न्यायची असेल तर आधी प्रमाणपत्र, मग पार्टी.

क्लासवाले 'हमखास पास' म्हणून जुन्या प्रश्नांचे संच विकतात. ते घेऊन पास होता येतं, हे खरं आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा तसाच पास झाला आणि महिन्याभरात त्यानं पार्टीला सांगितलं की ओपन पार्किंग विकत घेता येतं. ओपन पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच ते स्पष्ट केलं आहे. ती पार्टी आमच्याकडे आली तेव्हा पार्किंगचे पैसे देऊन झाले होते. आता त्यांची तक्रार महारेराकडे आहे आणि कागद लावायला मी मदत करते आहे, ब्रोकरेज न घेता.

मामांची स्थगिती उठली. बोर्डावर त्यांचं नाव आहेच, खाली 'ए'चा नंबर रंगवून घेतला. पागडीवर ते आता स्वतःच्या अक्षरात टिपणं काढतायत: पावती, मालकाचा हिस्सा, वारस, सेस, एकेका विषयाला दोन पानं. ऑफिसातला मुलगा पुढच्या बॅचला बसणार आहे. हँडबुकबरोबर ही टिपणंही त्याला वाचायला द्यायची, असं आमचं ठरलंय.