आपली चार मीटरवाली की जपानची केई?

आमच्या गल्लीत परवा वॅगनआर आली आणि कट्ट्यावर वाद सुरू, ही छोटी गाडी की मोठी? बघा की, हीच वॅगनआर जपानात वेगळीच असते. तिथं केई नावाचा वर्ग आहे, लांबी 3.4 मीटरच्या आत, रुंदी 1.48, इंजिन 660 सीसीपर्यंत, बास. नंबरप्लेट पिवळी, म्हणजे आपल्या निपाणी स्टँडवर उभी केली तर लोक टॅक्सी समजून भाडं विचारतील.

आपल्याकडं मात्र रुंदीला कोण विचारत नाही. लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत नाहीतर डिझेल 1500, की झाली छोटी, आणि सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के, त्याच्यावर गेली की सरळ 40. जीएसटीच्या आधीही चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला कर कमीच होता, म्हणून तर 2012 ला डिझायरची डिकी कापून 3995 मिमीवर आणली, दिसायला कशी का दिसेना.

आपली वॅगनआर 3655 लांब, 1620 रुंद. म्हणजे जपानी बहिणीपेक्षा साधारण वीतभर जास्त लांब, आणि रुंदीलाही सात-आठ बोटं जास्तच, तीच सात-आठ बोटं खडे बाजारात भाजीच्या गाड्याजवळनं आरसा मिटून काढताना कळतात. गल्लीपुरतं बघितलं तर मला केईच बरी वाटते. पण चौघं बसून, मागं तांदळाचं पोतं टाकून चोर्ला घाट चढायचा म्हटलं की 660 सीसीचा जीव जाईल, तिथं आपलीच बरी.