नागपूरच्या धंतोलीतल्या न्यूरो आयसीयूचा (मेंदूच्या पेशंटांचा अतिदक्षता विभाग) आमचा अनुभव, 4 स्टार

मे महिन्यात माझ्या लहान भावाची गाडी वर्धा रोडवर घसरली, हेल्मेट नव्हतं, डोक्याला जबर मार. आधी नेलं त्या दवाखान्यात तोंडातून श्वासाची नळी टाकली आणि न्यूरोसर्जन नाही म्हणून इकडे पाठवलं. ॲम्ब्युलन्समधला मुलगा अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, इतकी भराभर दाबत होता की आम्हाला वाटलं किती जीव लावून करतोय बिचारा. इथे पहिला एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) काढला तर कार्बन डायऑक्साइड 24, पाहिजे 35 ते 45. डॉक्टर मॅडम बोलल्या, श्वास जास्त दिला की हा आकडा पडतो, मेंदूच्या नसा आकसतात आणि मार लागलेल्या भागाला रक्त अजून कमी जातं. सूज एकदम वाढून जिवावर बेतलं तरच थोडा वेळ मुद्दाम असं करतात म्हणे.

मग सिस्टर टेप घेऊन आली आणि झोपलेल्या भावाची टाचेपासून डोक्यापर्यंत उंची मोजली, मी म्हटलं ताई वजन 92 आहे ते लिहा न, तर म्हणे दादा माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही, मशीनचा (व्हेंटिलेटरचा) श्वास उंचीवर ठरतो. 5 फूट 7 इंचाला एका श्वासाला 450 एमएल लावला. डोक्याकडून बेड 30 डिग्री वर, मान सरळ, आणि नळीची पट्टी गळ्याला घट्ट बसली होती ती तिने लगेच सैल केली, कारण मान आवळली की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही.

9 व्या दिवशी गळ्याला छेद देऊन तिथूनच श्वासाची नळी बसवली, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी केली. आई लई रडली, पण तोंडातली नळी निघाल्यावर झोपेचं औषध कमी झालं आणि 13 व्या दिवशी त्याने आईचा हात दाबला.

एक स्टार कापला तो बिलासाठी, व्हेंटिलेटरचा चार्ज रोजचा वेगळा लागतो हे तिसऱ्या दिवशी कळलं, ॲडमिट करतानाच सांगायला पाहिजे होतं. आणि नातेवाइकांच्या हॉलमधला कूलर बंद, नागपूरच्या मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांनी तिथे रात्र काढायची कशी? पेशंट असेल तर सकाळच्या राउंडनंतर डॉक्टरांना भेटाच, रोजचा एबीजी विचारा, इथे न चिडता सांगतात.