टिळकवाडीतला युद्धकायद्याचा अभ्यासवर्ग : पावती देणारा सैनिक आणि लुटणारा सैनिक

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एका खासगी संस्थेने रविवारी सकाळी चालवलेला सशस्त्र संघर्षाच्या कायद्याचा मराठी अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आणि खानापूर, निपाणीपासून सीमेपलीकडच्या चंदगडापर्यंत फौजेत गेलेली घरे पुष्कळ असल्यामुळे वर्गात निवृत्त सैनिक आणि कायद्याचे विद्यार्थी दोघेही होते. दोन हजार रुपये शुल्क मला वाजवी वाटले, आणि त्यातले निम्मे तरी लुटीवरील बंदीच्या सत्रांनीच वसूल झाले.

शिकवणारे सैन्याच्या विधी शाखेतून निवृत्त झालेले अधिकारी होते. त्यांनी कलमे पाठ करून न घेता एक प्रसंग समोर ठेवला : एक तुकडी ओसाड पडलेल्या गावात शिरते आणि जवान धान्य, बकरी, घोंगडी, शत्रूने टाकलेली रायफल आणि एका घरातले दागिने उचलतात. दागिने म्हणजे उघड लूट, याविषयी कोणाचे दुमत नव्हते. खरा वाद बकरीवरून पेटला. 1907 च्या हेग नियमावलीचे (जमिनीवरील युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम) 28 वे कलम हल्ला करून जिंकलेल्या गावाचीही लूट करण्यास मनाई करते आणि 47 वे कलम व्यापलेल्या प्रदेशातील लुटीस मनाई करते. मात्र व्यापलेल्या प्रदेशात फौजेच्या गरजेपुरता, तेथील साधनसामग्रीच्या प्रमाणात आणि त्या भागातील सेनाधिकाऱ्याच्या हुकुमानेच शिधा मागता येतो व त्याचे पैसे शक्यतो रोख, नाही तर पावती देऊन चुकते करावे लागतात, असे 52 वे कलम सांगते. रायफल युद्धात मिळालेला माल म्हणून सरकारजमा होते, ती जवानाच्या घरी जात नाही. आमच्यातले एक निवृत्त सुभेदार यावर एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, म्हणजे हिशेब ठेवला तर फौज, नाही तर दरोडा.’’

युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे 33 वे कलम लुटीला एका वाक्यात, कोणताही अपवाद न ठेवता मनाई करते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या कराराने स्थापन झाले त्या रोम संविधीनुसार तो युद्धगुन्हा आहे. लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने 2012 मध्ये ज्या गुन्ह्यांसाठी 50 वर्षांची शिक्षा सुनावली, त्यांत लूटही होती. भारत रोम संविधीचा सदस्य नाही, पण लुटीच्या शोधात घर फोडणे हा 1950 च्या सेना अधिनियमाखालीही गुन्हा आहे, हे माहीत नसलेले निवृत्त सैनिक वर्गात निघाले याचे मला आश्चर्य वाटले.

माझी मुख्य तक्रार इतिहासाच्या सत्राविषयी आहे. शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले, रयतेच्या घरचे दाणे, गवत, भाजी जबरीने न आणता बाजारातून विकत घ्यावे असे बजावणारे पत्र उत्तम समजावून सांगितले गेले आणि ते हेगच्या 52 व्या कलमाशेजारी ठेवणेही योग्यच होते. पण 1791 मध्ये पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी कर्नाटकातला शृंगेरीचा मठ लुटला, याचा उल्लेखही झाला नाही. पटवर्धनांची जहागीर येथून फार दूर नव्हती आणि वर्गात कन्नड घरांतले विद्यार्थी बसले होते. त्यांच्यासमोर फक्त आपली उजळ बाजू मांडणे मला अप्रामाणिक वाटले. शिवाय या उदाहरणातून शिकण्यासारखे अधिक होते, कारण पगाराऐवजी लुटीवर पोसलेल्या सैनिकांना मनाईचा हुकूम लागू करता येत नाही, आणि सेनापतीची जबाबदारी तरीही संपत नाही. मी हे विचारल्यावर शिक्षकांनी टाळाटाळ केली नाही, पुढच्या तुकडीत हा भाग घेऊ असे सांगितले.

छापील टिपणे मात्र निराशाजनक आहेत. भाषांतर बोजड आहे, कलमांचे आकडे दोन ठिकाणी चुकले आहेत आणि 1954 च्या सांस्कृतिक संपत्तीविषयक हेग कराराला तर जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत. गाडी जाताना शिक्षकांचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून पुढच्या बाकावर जागा धरावी.

वकिलीचे विद्यार्थी, सैन्यात जाऊ पाहणारी मुले आणि त्यांचे पालक यांनी हा वर्ग जरूर करावा. केवळ परीक्षेसाठी टिपणे हवी असणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.