टॉवेलच्या गावात टॉवेल ग्रिप

मार्चमधली गोष्ट. बॅडमिंटनच्या डबल्सचा दुसरा गेम, स्मॅशसाठी हात वर नेला आणि रॅकेटच सुटली. शटल माझ्या खांद्यावर पडलं, रॅकेट नेटपलीकडे अण्णांच्या पायाशी. अण्णा म्हणाले, "काय ओ, पॉइंट पाहिजे तर मागा की, जीव कशाला घेताय?"

माझ्या तळहाताला घाम फार. त्यात हॉलमध्ये खेळताना पंखे बंद, कारण वाऱ्याने शटल भरकटतं. सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकरांना सांगायला नको. सकाळी साडेसहालाही मूठ ओली होते. रॅकेटवर कंपनीतून आलेली गुळगुळीत ग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळलेली पट्टी, तीन वर्षं तीच. सुटू नये म्हणून मी आवळून धरायचो, आणि आवळून आवळून कोपराला बाहेरच्या बाजूने कळ लागायला लागली. रॅकेट सैल धरावी, शटलला लागताना तेवढी बोटं आवळावीत, हे मलाही पाठ आहे. पण हातातून निसटणारी वस्तू सैल कोण धरतो?

नवी पेठेतल्या एका दुकानातून तीन ग्रिप आणल्या. एक पातळ, रबरासारखी चिकट ओव्हरग्रिप, मूळ ग्रिपवर गुंडाळतात ती. दोन टॉवेलच्या कापडाच्या, म्हणजे टॉवेल ग्रिप: एक पाकिटातली १६० रुपयांची, दुसरी मोठ्या रोलमधून कापून दिलेली, ७० रुपयांची. दुकानदार म्हणाले, "दोन्ही प्युअर कॉटन." आता माझं पोटच टॉवेलवर आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात चेकिंग खात्यात २२ वर्षं झाली. मला कॉटन सांगताय?

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या कारखान्यात नेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पसरल्या. पाकिटातलीवर पाण्याचा थेंब सोडला, बोट उचलेपर्यंत आत. रोलमधलीवर थेंब मण्यासारखा उभा राहिला. मी तोंडातली भाकरी चावून गिळली तरी तो तिथंच. आता नव्या टॉवेलला सॉफ्टनर जास्त बसला असेल तर कॉटनही पाणी घेत नाही, एकदोन धुण्यांनंतर घ्यायला लागतो. पण मागे गोंद लावलेली ग्रिप धुणार कशी? तरी संशयाचा फायदा द्यावा म्हणून दोन्हींचे चारचार धागे उपसून काडी लावली. पाकिटातला धागा कागदासारखा जळला, चिमटीत राखेची भुकटी झाली. रोलमधला आधी आक्रसला, मग वितळून त्याची काळी कडक गोळी झाली. पॉलिस्टर भरलेलं. ७० रुपये गेले ते गेले, पण "प्युअर कॉटन" ऐकून घेतलं याचा राग जास्त आला. तुम्ही घ्याल तेव्हा काडी लावायची गरज नाही. दुकानातच ओलं बोट टेकवून बघा, बोट लगेच कोरडं झालं तर घ्या.

(मध्ये एक उद्योग करून बघितला. कारखान्यातल्या चिंधीतून ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या कापडाची) पट्टी कापली आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर गुंडाळली. मूठ झाली मुसळाएवढी, आणि कापलेल्या कडेतून धागे सुटून तिसऱ्या दिवशी रॅकेटला दाढी. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते अंग पुसायला. ग्रिपची पाईल, म्हणजे वर आलेले धाग्याचे फासे, बारीक, आखूड आणि गच्च लागते.)

पाकिटातली चांगली ग्रिप बसवतानाही पहिल्यांदा मी चूकच केली: जुन्या ग्रिपवरच गुंडाळली. रॅकेटचा दांडा आठ कोनी असतो. त्या कडा बोटांना लागल्या की रॅकेटचं तोंड कुठे आहे ते न बघता कळतं, आणि बॅकहँडला अंगठा सपाट बाजूवर आपसूक बसतो. जाड थरांखाली कडा बुजल्या आणि हातात नुसतं लाटणं राहिलं. शिवाय आमच्या काट्यावर टॉवेल ग्रिप भरली १३ ग्रॅम. माझी रॅकेट फोर-यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅमची. मुठीकडे एवढं ओझं वाढल्यावर रॅकेटचं डोकं हलकं वाटायला लागलं, स्मॅशमध्ये दमच राहिला नाही.

मग सगळं काढलं, जुना गोंद खरवडला आणि लाकडावर सरळ टॉवेल ग्रिप लावली. बुडापासून सुरुवात, तिरकी पट्टी, वर दांडा निमुळता होतो तिथपर्यंत, शेवटी टेप. डावखुऱ्यांनी उलट्या दिशेने गुंडाळावी, नाहीतर खेळताना कडा बोटांनी उकलत जाते. नवी रॅकेट घेणार असाल आणि टॉवेल ग्रिपच लावायची असेल, तर मूळ दांडाच बारीक घ्या. योनेक्सच्या बॅडमिंटन रॅकेटवर जी-४, जी-५ असं लिहिलेलं असतं, त्यात आकडा मोठा तितका दांडा बारीक. टेनिसमध्ये नेमकं उलटं, त्यामुळे दुकानात गोंधळ होतो.

एप्रिल-मे पूर्ण तसल्याच ग्रिपवर खेळलो. एकदाही सुटली नाही. पकड सैल झाली तसं कोपराचं दुखणं पंधरा दिवसांत उतरलं. तक्रार एकच: पाच आठवड्यांनी घामाच्या मिठाने पाईल चपटी आणि कडक होते, हाताला पायपुसणं लागतं. जुन्या टूथब्रशने उलटं घासलं की आठवडाभर जीव धरते, मग बदलावीच लागते. म्हणजे दीड महिन्याला १६० रुपये धराच. वासाबद्दल घरच्यांचं मत इथे लिहीत नाही.

ओव्हरग्रिप वाया गेली नाही. ती पुतणीला दिली. तिचे हात लहान आणि कोरडे, तिला टॉवेल म्हणजे बोटात मोजा घातल्यासारखा वाटला. तिच्या रॅकेटची मूळ ग्रिप काढून लाकडावर ही एकच पातळ पट्टी लावली, वजन पाच ग्रॅम, कडा स्पष्ट लागतात. नेटजवळ तिचा हात आता माझ्यापेक्षा चपळ चालतो. तिनेही पहिल्या दिवशी वरचं पारदर्शक प्लास्टिक न काढताच गुंडाळली होती आणि "काका, ही तर जास्तच घसरते" म्हणून माझ्यावर डाफरली होती.

हिवाळ्यात, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, माझाही हात कोरडा असतो. तेव्हा दोन महिने ओव्हरग्रिप लावून बघणार आहे. अण्णांनी तेवढ्या काळापुरती दुसऱ्या कोर्टवर जागा मागितली आहे.