पोलीस दारात आले तर काय करायचं? सोसायटीतल्या कायदा शिबिराचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

आमच्या सिडकोतल्या (नाशिक) सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दोन वकिलांनी शिबिर घेतलं, एक मॅडम आणि त्यांचा ज्युनिअर. विषय एकच, पोलीस घरी आले तर काय बोलायचं, काय मागायचं आणि काय अजिबात करायचं नाही. माणशी १५० रुपये, त्यात चहा-बिस्कीट आणि एक पुस्तिका. सांगितले होते दोन तास, झाले जवळजवळ तीन, आणि मधे कोणी उठून गेलं नाही. आपल्या सोसायटीत ठेवावं का असा विचार कोणी करत असेल तर त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

मला सगळ्यात जास्त काय पटलं तर ते लोकांना खोटा जोर देत नाहीत. सध्या रील्सवर जो तो शिकवतोय की वॉरंट दाखवा म्हणायचं, वॉरंट नसेल तर पोलीस आत येऊच शकत नाहीत. मॅडमनी बसल्या बसल्या पहिलं हेच खोडून काढलं. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्याचा (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) तपास चालू असेल आणि वॉरंट आणायला वेळ नसेल तर तपास अधिकारी कारणं लेखी नोंदवून वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, कलम १८५. ज्याला अटक करायचीय तो माणूस घरात आहे असं मानायला कारण असेल तर आत येऊ शकतो आणि कोणी दार उघडलंच नाही तर तोडूही शकतो, कलम ४४. ही कलमं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी आलेली. आता रील बघून कोणी दारात आडवा उभा राहिला आणि त्यात धक्काबुक्की झाली तर जो काय मूळ विषय होता तो राहतो बाजूला आणि शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा अंगावर येतो. लोक त्याला अजून जुन्या आयपीसीच्या कलमावरून ‘३५३ लावला’ म्हणतात, आता त्याजागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते १३२ झालंय, पण त्रास तोच.

मग आपल्या हातात उरतं काय? भरपूर उरतं, आणि शिबिराचा खरा वेळ त्यावरच गेला. वॉरंट असो नसो, झडतीला नियम आहेत. त्या भागातले दोन तरी स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच (झडतीचे साक्षीदार) लागतात, तुम्हाला झडतीच्या वेळी हजर राहता येतं, काय काय उचललं त्याची यादी जागेवरच बनते, त्यावर पंचांच्या सह्या होतात आणि त्या यादीची कॉपी तुम्हाला द्यावी लागते. बाईची अंगझडती फक्त बाईच घेणार. आणि कलम १०५ मुळे आता झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, मोबाईलवर केलं तरी चालतं. मॅडम म्हणाल्या की भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त विचारायचं, ‘साहेब, शूटिंग चालू झालंय ना?’ एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की या घरात नियम माहिती आहेत.

आता प्रात्यक्षिकाबद्दल, कारण माझ्या मते १५० रुपये त्याचेच आहेत. हॉलचं दार लावून घेतलं, ज्युनिअर वकील बाहेर गेला आणि आतून पहिल्या मजल्यावरच्या काकांना दाराशी उभं केलं. एसटीतून रिटायर झालेला शांत माणूस. बाहेरून धाडधाड दार वाजलं, ‘पोलीस! उघडा!’ आणि काकांनी एका झटक्यात सताड दार उघडलं, ‘या या साहेब, बसा.’ मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, काका, चहा पाजा हवा तर, पण साखळी लावलेली ठेवून आधी चार गोष्टी विचारा. नाव काय, कुठल्या पोलीस स्टेशनचे, बकल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) काय आणि कशासाठी आलात. सिव्हिल ड्रेसमध्ये असतील तर आयकार्ड. शंका आली तर ‘एक मिनिट, पोलीस स्टेशनला फोन करून विचारतो’ म्हणायचं आणि खरंच करायचा, नंबर नसेल तर ११२ आहेच. दुसऱ्यांदा काकांचा आवाज कापत होता, पण विचारलं सगळं. तिसऱ्यांदा ज्युनिअरने मुद्दाम गुरकावून पाहिलं, ‘जास्त शहाणपणा नको’, तर काका म्हणाले, ‘साहेब, शहाणपणा नाही, नाव लिहून घेतोय, सांगा.’ हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नंतर तीन-चार बायकांनी करून पाहिलं, कॉलेजच्या पोरांनी केलं. कलमं पाठ करून हे येत नाही, तोंडाला सवय लागावी लागते, आणि ती सवय हे लोक तिथल्या तिथे लावतात.

दुसरा मोठा भाग म्हणजे ‘चला जरा चौकशीला’. हे वाक्य ऐकून माणूस चप्पल घालून निघतो आणि मग घरच्यांना रात्रभर कळत नाही की झालं काय. मॅडमचं म्हणणं, तिथे एकच प्रश्न विचारायचा, मला अटक करताय की नोटीस आहे? नोटीस असेल (कलम ३५(३), आधीचं ४१अ) तर ती लेखी घ्यायची, तारीख-वेळ बघायची, घरच्यांना फोटो पाठवायचा, आणि त्या दिवशी जायचंच, टाळायचं नाही, कारण नोटीसप्रमाणे हजर राहणाऱ्याला कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही आणि न जाणाऱ्याला मात्र करता येते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट उचलू नका हे सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमार केसमध्ये २०१४ लाच सांगितलंय. आणि ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही हेही कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय, हे आमच्यापैकी कोणालाच माहिती नव्हतं.

अटक असेल तर कारण सांगायला पाहिजे, अटकेचा मेमो बनायला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, तुमच्या एका माणसाला कळवायला पाहिजे, वकिलाला भेटू द्यायला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर. यातलं बरंचसं डी. के. बसू केसमधून आलंय, १९९६ ची. मॅडमनी पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो सगळ्यांना काढायला लावला, म्हणाल्या फोन उशाशी असतो, पुस्तिका कपाटात जाईल.

सह्यांचं त्यांनी फार नीट समजावलं. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायदाच तसा आहे (कलम १८१). पंचनामा आणि जप्तीच्या यादीवर सही असते, पण वाचून. कोऱ्या कागदावर कधीच नाही, कोणी कितीही ‘फॉर्मॅलिटी आहे’ म्हटलं तरी.

बायका आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी तर हे ऐकणं फारच गरजेचं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत दोघंच आहेत, पोरं पुण्याला नाहीतर बाहेर देशात. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर कुठल्याही बाईला, १५ च्या आतल्या मुलाला, ६० च्या वरच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, घरीच येऊन विचारावं लागतं, कलम १७९. जुन्या कायद्यात हे वय ६५ होतं. बाईला सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी रिपोर्ट देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी काढायची. हे सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजींनी ‘पुन्हा एकदा सांग गं बाई, हळू’ म्हटलं आणि मॅडमनी खरोखर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जराही न चिडता. असं शिकवणारी माणसं कमी असतात.

एक गोष्ट चांगली केली की भीती घातली नाही. बहुतेक वेळा पोलीस दारात येतात ते पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला, समन्स द्यायला, नाहीतर शेजारच्या चोरीत सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज मागायला, तेव्हा सरळ मदत करावी, फुटेज देताना लेखी पत्र आणि पोच घ्यावी. समन्स आता घरातल्या कुठल्याही सज्ञान माणसाकडे देता येतं, आधी त्यासाठी पुरुषच लागायचा. शेजाऱ्याकडे झडती असताना पंच म्हणून लेखी बोलावलं तर कारणाशिवाय नकार देणं हाही गुन्हा आहे. आणि मला विचाराल तर पंच म्हणून जायलाच पाहिजे, डोळे उघडे ठेवून उभा राहिलेला शेजारी असेल तर दोन्ही बाजूंना धाक राहतो.

डिजिटल अरेस्टवर (पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर पैसे उकळण्याची फसवणूक) दहाच मिनिटं दिली, पण पुरेशी होती. व्हिडिओ कॉलवर अटक असला प्रकार कायद्यात नाहीच, फोन ठेवायचा आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

एक स्टार का कापला ते सांगतो. स्क्रीनवरच्या स्लाइड सगळ्या इंग्रजीत, समोर निम्मे लोक साठीच्या पुढचे, हे कळायला हवं होतं. पुस्तिका मराठीत आहे पण अक्षर इतकं बारीक की ज्यांना गरज आहे त्यांनाच वाचता येणार नाही. मोबाईल जप्तीवर जवळपास काहीच बोलले नाहीत, आणि आजकाल पोलीस आले की पहिला हात फोनकडे जातो, पासवर्ड द्यायचा का हा प्रश्न तिघांनी विचारला आणि तिन्ही वेळा ‘त्यावर वेगळं सेशन घेऊ’. भाडेकरू पोरं आणि घरकामाच्या बायका यांना कोणी बोलावलंच नाही, ही चूक आमच्या कमिटीची जास्त. चोरीचा संशय आला की पहिली चौकशी ज्यांची होते त्याच या खोलीत नव्हत्या, याचं मला खरंच वाईट वाटलं. पुढच्या वेळी त्यांची फी सोसायटीने भरावी असं मी मीटिंगमध्ये मांडणार आहे.

फुकटचा पर्याय पण आहे आणि तो मॅडमनी स्वतःहून सांगितला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अशी शिबिरं होतात, १५१०० या हेल्पलाइनवर कायद्याचा सल्ला मिळतो. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. ज्यांची स्वतःची फी आहे त्यांनी फुकटचा नंबर मोठ्या अक्षरात बोर्डवर लिहून द्यावा, म्हणून चार स्टार देताना मला जड गेलं नाही.

बुकिंग करायचं असेल तर किमान वीस-पंचवीस माणसं जमवा, माईक स्वतःचा ठेवा आणि प्रात्यक्षिक आधी घ्या म्हणून सांगा, स्लाइड नंतर. मोबाईल जप्तीचं सेशन लावलं तर मी परत जाणार, शेजारच्या विंगमधल्या भाडेकरू पोरांना सोबत घेऊन.