कमी वजनाच्या बाळांचं फॉलोअप क्लिनिक: तपासणी झकास, दोन वर्षांनंतर मात्र हात वर

आमची लेक एकतिसाव्या आठवड्यात झाली, वजन 1,350 ग्रॅम. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी सोडताना डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाली आणि या क्लिनिकची चिठ्ठी हातात पडली. नाव देत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

आधी चांगलं. इथल्या थेरपिस्ट बाई लाख माणूस. पहिल्याच भेटीत वय विचारलं, मी म्हटलं आठ महिने. त्यांनी सरळ नऊ आठवडे वजा करून फाइलवर सहा महिने लिहिलं. चाळीस आठवड्यांना जितके कमी पडले तितके वजा करायचे, आणि हे दुरुस्त वय निदान दोन वर्षांपर्यंत धरायचं. "अजून बसत नाही का?" म्हणणाऱ्या समस्त नातेवाइकांची तोंडं त्या एका आकड्याने बंद झाली.

पुढच्या एका भेटीत त्यांनी रुमालाखाली ठोकळा लपवला. लेक नुसती बघत बसली. मी रुमाल उचलायला हात पुढे केला, तर बाईंनी मानेनेच थांबवलं. बऱ्याच वेळाने तिने रुमाल ओढला, तोही आधी माझ्याकडे बघून. ठोकळा सापडला हे बाईंनी एका शब्दात लिहिलं. ती किती वेळ चिकटून राहिली आणि अडल्यावर कुणाकडे बघितलं, यावर चार ओळी. वजन-उंचीच्या तक्त्यात हे कुठे दिसतं?

आता तक्रार. दोन वर्षांना "सगळं नॉर्मल" असा शेरा मारून फाइल बंद! 1,500 ग्रॅमच्या आतल्या मुलांपैकी बरीच पुढे व्यवस्थित शिकतात, पण लक्ष टिकणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, गणित, चारचौघांत मिसळणं, उगाच काळजी करत राहणं या अडचणी त्यांच्यात जास्त आढळतात. आणि त्या बऱ्याचदा शाळेत गेल्यावरच कळतात. लेक पहिलीत आहे. दप्तर भर, बूट घाल, बाटली घे, असं एका दमात सांगितलं की दप्तर भरून उभी राहते आणि मग रडवेली होते. क्लिनिकला फोन केला तर म्हणे, शाळेचे प्रश्न आमच्याकडे येत नाहीत. आईची झोप, आईचं मन याबद्दल तर कधी कुणी विचारलंच नाही.

पाचपैकी साडेतीन तारे, त्यातले तीन एकट्या बाईंचे. जाणार असाल तर डिस्चार्ज कार्ड न्या, बाळाची झोप झाल्यावरची वेळ मागा आणि फाइल बंद होण्याआधी सगळ्या अहवालांच्या प्रती घ्या. शाळेत गेल्यावर लागतात.